मे महिन्यातली उल्हास नदी कुणाची?

आजच्या भागात एक साधा प्रश्न घेतलाय. मे महिन्यात कोकणातल्या बहुतेक नद्या आटतात, नुसते दगड दिसतात. मग आपली उल्हास वाहते कशी?

मी डोंबिवलीचा. बीटेक करून कोड लिहितो, इतिहास हा रात्रीचा छंद. २०१५ चा पावसाळा कोरडा गेला होता आणि २०१६ च्या उन्हाळ्यात आठवड्यातले काही दिवस नळ बंद असायचे, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. आमच्या बाल्कनीत निळा ड्रम तेव्हा आला, तो अजून तिथेच आहे. पण हे पाणी मुळात येतं कुठून, हे मी तेव्हा कुणाला विचारलंच नाही.

प्रश्न पडला तो अमेरिकेतल्या गॅसच्या विहिरींबद्दल वाचताना. पेनसिल्व्हेनियात जमिनीखालच्या खडकात गॅस अडकलेला आहे. तो काढायला विहीर खणतात आणि वाळू-रसायनं मिसळलेलं पाणी प्रचंड दाबाने आत सोडून खडक फोडतात. एका विहिरीला साधारण दीड ते दोन कोटी लिटर पाणी लागतं. आपल्या हिशेबात सांगायचं तर दहा हजार लिटरचे दीड-दोन हजार टँकर, आणि तेही एकाच विहिरीला! हे पाणी सस्क्वेहाना नदीच्या खोऱ्यातल्या ओढ्यानाल्यांतून उपसतात. तिथे खोऱ्याचा एक आयोग आहे, त्याचा नियम असा: परवाना देतानाच त्या ओढ्यासाठी एक किमान प्रवाह ठरवून द्यायचा. मोजमाप त्याच्या खाली गेलं की पंप बंद. पैसे भरलेत, विहीर अर्धी झालीये, असली कारणं चालत नाहीत. २०१२ च्या एप्रिलमध्ये आयोगाने असे १७ ठिकाणचे उपसे थांबवले, त्यांत बरेचसे गॅस कंपन्यांचे होते. कंपन्या काही पळून गेल्या नाहीत. पाणी भरपूर असतं तेव्हाच त्या तळ्यांत साठवून ठेवायला लागल्या, वापरलेलं पाणी पुन्हा वापरायला लागल्या. म्हणजे आमच्या भाषेत थ्रेशोल्ड ओलांडला की सिस्टिम स्वतःच थांबते.

आपल्याकडे तेल सापडलं ते समुद्रात. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' जहाजाने मुंबई हाय शोधलं. त्या ड्रिलिंगसाठी उल्हासला कुणी हात लावला नाही. पण नदी कमी झाल्यावर उद्योगाने किती उपसायचं, हा प्रश्न ठाणे-कल्याणला त्याच्याही आधीपासून आहे. आणि इथे गोष्ट जरा विचित्र होते, कारण उन्हाळ्यातली उल्हास ही बरीचशी उल्हास नसतेच!

नकाशा उघडा. लोणावळ्याच्या उत्तरेला, मावळात आंध्रा नावाची नदी आहे. ती मुळात पूर्वेला जाणारी. आंध्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला आणि शेवटी सगळं बंगालच्या उपसागरात. मुंबईला वीज हवी होती म्हणून टाटांनी आधी खोपोलीचं केंद्र काढलं, ते १९१५ मध्ये सुरू झालं. मग १९१६ मध्ये आंध्रा व्हॅली कंपनी काढली आणि ठोकरवाडीला आंध्रा अडवली. ते पाणी बोगद्यातून आणि पाइपांतून घाटाखाली, सुमारे ५०० मीटर खाली, कर्जतजवळच्या भिवपुरीला आणलं. १९२२ मध्ये तिथलं केंद्र सुरू झालं. टर्बाइन फिरवून झालेलं पाणी पेज नदीतून उल्हासला मिळालं. शंभर वर्षं तेच चाललंय. मुंबईत दिवे लागतात तेव्हा भिवपुरीला पाणी सुटतं, आणि ते खाली बदलापूर-कल्याणला पोचतं. त्या काळी कुणी आराखड्यात लिहिलं नसेल की हे पाणी पुढे लाखो लोक पितील. वीज बनवून उरलेलं पाणी होतं ते.

दुसरा स्रोत बारवी. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली, तिने कारखान्यांसाठी बारवी धरण बांधलं. तिथलं पाणी नदीत सोडतात आणि जांभूळला उचलतात. नंतर शहरं फुगली आणि कारखान्यांचं धरण घरांना पाणी द्यायला लागलं: डोंबिवलीची २७ गावं, दिवा, मुंब्रा, मीरा-भाईंदर. मग धरणाची उंची वाढवली. आधी २३४ दशलक्ष घनमीटर साठा होता, तो ३४० पर्यंत गेला. त्या वाढीव पाण्याखाली मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, काचकोली, मोहघर अशा गावांची घरं गेली. पाणी ज्या संस्थांना मिळणार, त्यांनी बाधित घरातल्या एकाला नोकरी द्यायची असं ठरलं. त्यासाठी लोकांना किती वर्षं भांडावं लागलं, तो वेगळा भाग होईल.

म्हणजे आपल्या नळाशी दोन वेगळ्या खोऱ्यांतली, दोन वेगळ्या कारणांनी अडवलेली पाणी येतात. एकाच नदीतून एमआयडीसी, ठाणे-भिवंडीला पाणी देणारं स्टेम प्राधिकरण, कल्याण-डोंबिवली महापालिका, बदलापूरसाठी जीवन प्राधिकरण असे सगळे उपसतात. कमी पडलं की काय करायचं? पावसाळा संपला की साठा बघतात. हे पाणी १५ जुलैपर्यंत पुरवायचं असं धरून भागाकार करतात आणि तूट सगळ्यांत वाटून कपात लावतात. मला हे गणित आवडतं, खरं सांगतो. सरळ आहे, आणि ड्रम भरायला वेळ देतं. पण कपातीच्या जितक्या बातम्या मी वाचल्या, त्यांत प्रत्येक संस्थेचा आकडा होता. नदीत किती पाणी राहू द्यायचं, हा आकडा मला कुठे दिसला नाही. सस्क्वेहानाला हिशेब त्या आकड्यापासून सुरू होतो. आपल्याकडे धरणापासून सुरू होतो आणि पंपापाशी संपतो.

कुणी आधी प्यायचं, यावरही सरकारचं मत बदललंय. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग होता आणि शेती तिसरी. २०११ मध्ये शेती दुसरी झाली, उद्योग तिसरा. कागदावर. बारवीचं पाणी घेणाऱ्या डोंबिवलीत कारखाना आणि घर एकाच पाइपलाइनवर असतात, तिथे क्रम लावायचा कसा?

आणि आता खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, काळजीच. सोलापूर आणि पुण्याच्या बाजूने मागणी होतेय की टाटांच्या धरणांतलं पाणी पुन्हा पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात द्या. वीज आता दुसरीकडूनही मिळते, सोलापूरच्या शेतकऱ्याला पाणी दुसरीकडून मिळत नाही. सरकारने यावर समितीही नेमली होती. मला ही मागणी ऐकून आधी राग आला, मग नकाशा बघितल्यावर राग टिकेना. ते पाणी मुळात त्यांच्याच बाजूचं आहे. पण भिवपुरीचं पाणी थांबलं तर मे महिन्यात कल्याणचे पंप काय उपसतील, हेही सांगा. दोन्ही बाजूंचे दुष्काळ खरे आहेत, आणि दोघांच्या मध्ये १९२२ मध्ये विजेसाठी काढलेला एक बोगदा आहे.

कसारा लोकलने जात असाल तर शहाड सोडल्यावर, आंबिवलीच्या आधी पूल लागतो. मोबाइल जरा खाली ठेवा आणि उन्हाळ्यात तिथे किती पाणी दिसतं, त्याचा फोटो आम्हाला पाठवा. तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका. पुढच्या भागात मुळशी सत्याग्रह, म्हणजे धरणाला नाही म्हणणारी माणसं आणि सेनापती बापट. भेटू.