घासलेल्या काचेची कथा

मनगटी घड्याळाच्या काचेवर उमटणारे काळे आकडे आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते आकडे दाखविणारा द्रवाचा थर केसाहूनही पातळ असतो. आणि त्या द्रवातील रेणूंना शिस्त लागते ती बहुधा मखमली कापडाने घासलेल्या पृष्ठभागामुळे. भांडे घासावे तशी ही साधी क्रिया पदार्थविज्ञानात कशी शिरली आणि तिला पर्याय का शोधावा लागला, ही कथा ऐकण्यासारखी आहे.

१८८८ साली प्राग येथे फ्रीड्रिख राइनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ १४५.५ अंश सेल्सियसला वितळे, परंतु होणारा द्रव गढूळ असे, १७८.५ अंशांवर तो एकाएकी निवळे. एकाच शुद्ध पदार्थाला दोन द्रवणांक कसे? राइनित्सरने आपला पदार्थ ओटो लेहमान या जर्मन शास्त्रज्ञाकडे पाठविला. लेहमानने सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात पाहिले, तो हा द्रव पाण्यासारखा वाहत होता आणि प्रकाशाशी मात्र स्फटिकासारखा वागत होता. ‘द्रवस्फटिक’ ही कल्पना पुष्कळांना वदतोव्याघातच वाटली. गुस्ताव टामानसारखा मातबर रसायनज्ञ हे केवळ दोन पदार्थांचे मिश्रण आहे असे म्हणत राहिला. हा वाद बरीच वर्षे चालला.

गढूळपणाचे मर्म असे, की या द्रवातील लांबट रेणू शेजाऱ्यांशी समांतर राहू पाहतात. परंतु ठिकठिकाणी त्यांची दिशा निराळी असते. मग सर्वांना एकच दिशा कोणी द्यावी? १९११ साली फ्रान्समध्ये शार्ल मोगँ यांनी उत्तर पुढे आणले. द्रवाचा थर दोन तकटांमध्ये पुरेसा पातळ धरला, तर तकटांचा पृष्ठभागच आतल्या रेणूंची दिशा ठरवितो. दोन तकटांच्या दिशा निराळ्या असल्या, तर मधले रेणू गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे क्रमाक्रमाने वळत जातात. काच एकाच दिशेने घासली की रेणूही त्याच दिशेला लागतात, हेही लक्षात आले होते.

पुढे १९२७ साली लेनिनग्राड येथे व्सेवोलोद फ्रेडरिक्स यांनी दुसरी बाजू दाखविली. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र एका ठराविक मर्यादेपलीकडे वाढविले, की ते पृष्ठभागाची सत्ता झुगारून रेणू फिरविते. आणि थर जितका जाड, तितके ते काम सोपे. या विद्वानाच्या वाट्याला मात्र स्टालिनच्या राजवटीतील तुरुंगवास आला. १९४४ साली त्यांचा अंत झाला.

साठ वर्षे हे ज्ञान बहुतांशी प्रयोगशाळेतच राहिले. १९७० च्या डिसेंबरात बाझल येथील मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी मोगँ यांचा जिना आणि फ्रेडरिक्स यांचे तत्त्व एकत्र केले. काटकोनात घासलेल्या दोन काचा, मध्ये पिळलेला थर आणि बाहेर दोन ध्रुवक. प्रकाश पिळाबरोबर वळून बाहेर पडतो. थोडा विद्युद्दाब दिला की रेणू उभे राहतात, पीळ सुटतो आणि तेथे अंधार होतो. अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनीही त्याच सुमारास हीच वाट धरली होती. १९७३ साली इंग्लंडमधील हल येथे जॉर्ज ग्रे यांनी साध्या तापमानाला टिकणारी संयुगे दिली आणि कारखाने सुरू झाले.

घासल्याने नेमके काय होते? १९७२ साली ड्वाइट बेरेमन यांनी सांगितले, की पृष्ठभागावरच्या सूक्ष्म चरांना आडवे पडल्यास रेणूंच्या मांडणीला वाकावे लागते; चरांच्या दिशेने पडणे सोयीचे. पुढे कळले, की काचेवरील पॉलिइमाइडच्या लेपातील साखळ्याही घासण्याने ताणल्या जातात व रेणूंना वळण लावतात. म्हणजे कारागिराचा हात आधी चालला, कारण मागाहून उमगले.

परंतु कापडाने धूळ येते, स्थिर विद्युत साठते. आणि सर्व पृष्ठभागावर दिशा एकच राहते. म्हणून बाजूने पाहिले असता चित्र विटके दिसे. प्रत्येक सूक्ष्म चौकटीत निराळी दिशा हवी होती. तो मार्ग प्रकाशाने दाखविला. १९८८ साली जपानमध्ये कुनिहिरो इचिमुरा यांनी पृष्ठभागावरील प्रकाशसंवेदी रेणूंच्या द्वारे द्रवस्फटिक फिरविले. १९९२ साली शाट व सहकाऱ्यांनी ध्रुवित प्रकाशाने लेपालाच दिशा दिली. आता छिद्रित पडद्याआडून प्रकाश टाकून दिशांचे नकाशे आखता येतात आणि सपाट पापुद्र्याकडून भिंगाचे काम घेता येते.

या शास्त्रात भारताचाही वाटा आहे. १९५१ साली नागपूर विद्यापीठाचे एम.एस्‌सी. झालेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत सहकाऱ्यांसह दाखविले, की लांबट रेणूच नव्हेत, तर चकतीसारखे रेणूही द्रवस्फटिक होतात.

माझा व्यवसाय शासनाचा. म्हणून या कथेतील एक गोष्ट मला विशेष वाटते. काठावरच्या मोजक्या रेणूंना लावलेली शिस्त आतपर्यंत पोहोचते खरी; पण थर जाड होत गेला की काठाची पकड ढिली पडते आणि आतले रेणू बाहेरच्या ओढीला लवकर वश होतात. आज्ञा काढणाऱ्यांनी हे अंतर विसरू नये.