उशिरा चढलेला बावटा

जरीपटक्याचे माहात्म्य मी तुम्हांला सांगावयास नको. आपल्याकडे निशाण म्हणजे मान. समुद्रावर मात्र निशाण हे मानाइतकेच बोलण्याचेही साधन आहे. वाऱ्यात हाक ऐकू जात नाही. म्हणून डोलकाठीवर कापड चढवून बोलावयाचे. 1857 साली ब्रिटिशांनी व्यापारी जहाजांसाठी अठरा बावट्यांची एक सांकेतिक भाषाच छापून काढली.

हौशी श्रीमंतांच्या शिडाच्या नौकांनीही ही रीत उचलली. पाठीमागे देशाचे निशाण, डोलकाठीच्या टोकाशी आपल्या क्लबचा त्रिकोणी बावटा. इंग्लंडातल्या रॉयल यॉट स्क्वॉड्रनच्या सभासदांना तर आरमाराचे पांढरे निशाण लावण्याची मुभा आहे आणि तिचा त्यांना केवढा तोरा! तो तोरा आपण सोडून देऊ. मला सांगावयाची आहे ती एका साध्या तांबड्या बावट्याची गोष्ट.

1851 साली वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत ‘अमेरिका’ नावाच्या नौकेने इंग्रजांच्या दारात येऊन चषक जिंकला. तो परत आणण्यासाठी इंग्रजांनी पुढे ऐंशी वर्षे पैसा ओतला. 1934 साली विमानांचे कारखानदार टॉमस सॉपविथ ‘एंडेव्हर’ घेऊन अमेरिकेतल्या न्यूपोर्टला गेले. चार्ल्स निकल्सन यांनी आखलेली ही निळी, पोलादी नौका सुमारे 130 फूट लांब. इतकी देखणी की तिच्या चित्रावरूनही नजर हलत नाही. निघण्यापूर्वी पगारी खलाशांनी वेतनवाढ मागितली. मालकांनी ती नाकारली आणि हौशी मंडळी भरती केली. चषक तिथेच अर्धा गेला, असे माझे मत आहे.

तरीही ‘एंडेव्हर’ने पहिल्या दोन शर्यती जिंकल्या! तिसरीत हाती आलेला विजय निसटला. चौथीत प्रतिपक्षाची ‘रेनबो’ वाऱ्याच्या बाजूने मागून चढून येऊ लागली. अशा वेळी पुढच्या नौकेने वाऱ्याकडे वळून मागचीला अडवावे, हा तिचा हक्क. सॉपविथ वळले, ‘रेनबो’चे हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट हटले नाहीत. टक्कर झाली असती तर माणसे मेली असती. सॉपविथ यांनी सुकाणू फिरवून नौका बाजूला घेतली आणि ‘रेनबो’ पुढे निघून गेली.

तक्रार करावयाची तर तांबडा बावटा लावावा लागतो. इंग्रजी वहिवाटीप्रमाणे सॉपविथ यांनी तो शर्यत संपता संपता, पंचांच्या जहाजाजवळ येताना चढविला. अमेरिकन पंच म्हणाले, बावटा घटना घडताच दिसावयास हवा होता. झाले! दोष कोणाचा याची चौकशीच झाली नाही. नियमाच्या अक्षराला धरून पंच बरोबर होते; पण टक्कर टाळणाऱ्याचे म्हणणे ऐकूनही घेऊ नये, हे मला आजही पटत नाही. पुढच्या दोन्ही शर्यती ‘रेनबो’ने घेतल्या. चषक न्यूयॉर्कच्या क्लबातच राहिला, तो 1983 साली ‘ऑस्ट्रेलिया 2’ने हलवीपर्यंत.

‘एंडेव्हर’चे पुढे हाल झाले, गंजून तिचा सांगाडा उरला. एलिझाबेथ मेयर या अमेरिकन बाईंनी ती दुरुस्त करून 1989 साली पुन्हा पाण्यात सोडली. तांबड्या बावट्याचा नियमही जिवंत आहे: सहा मीटर वा त्याहून लांब नौकेने तक्रार असल्यास पहिल्या वाजवी संधीला तो दिसेल असा लावावयाचा.