डासाच्या पोटातलं बिऱ्हाड

गेल्या पावसाळ्यात नातीला डेंगी झाला. तिच्या प्लेटलेटचे आकडे ऐकत बसले होते, तेव्हापासून डासांवर वाचतेय.

वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं, डास रोग पसरवतो. डासाच्या पोटातही जंतूंची वस्ती असते, हे आत्ता कळलं! बरेचसे जंतू अळी ज्या पाण्यात वाढते तिथून येतात. म्हणून डबक्यातल्या डासाची वस्ती वेगळी, टाकीतल्याची वेगळी. एक भाडेकरू मात्र आईकडून अंड्यातूनच येतो. गोष्ट त्याची.

१९२४ साली हार्वर्डच्या हर्टिग आणि वोल्बाक यांना तो क्युलेक्स डासात दिसला. १९३६ मध्ये हर्टिगने सहकाऱ्याच्या नावावरून बारसं केलं, वोल्बाकिया. मग बरीच वर्षं त्याला कोणी फारसं विचारलं नाही.

तिकडे जर्मनीत हान्नेस लावेन डासांच्या सोयरिकी जुळवत होता. एका गावचा नर, दुसऱ्या गावची मादी... काही जोड्यांच्या अंड्यांतून अळ्या निघतच नसत. कारण ठाऊक नसताना त्याने ते वापरलं. १९६७ मध्ये रंगूनजवळच्या ओकपो गावात असे परके नर सोडले (नर चावत नाहीत बरं का!) आणि हत्तीरोग पसरवणारे तिथले डास जवळजवळ संपले. यामागे वोल्बाकियाच आहे, हे येन आणि बार यांनी १९७१ मध्ये सांगितलं.

१९७० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांनी दिल्लीत डासांच्या अशा प्रयोगांचं केंद्र काढलं. पैसा अमेरिकेचा. ही जैविक युद्धाची तयारी तर नाही, असा संशय वर्तमानपत्रांत उठला, संसदेपर्यंत गेला, आणि १९७५ मध्ये केंद्र बंद. लोकांना अडाणी ठरवणं सोपं आहे. पण ज्याच्या अंगणात डास सोडायचे, तो हेतू विचारणारच की!

डेंगीच्या एडिस डासात वोल्बाकिया मुळात नसतो. ऑस्ट्रेलियात स्कॉट ओ'नील यांच्या गटाने फळमाशीतला घेऊन तो त्यात रुजवला. तो असला की डेंगीचा विषाणू डासात नीट वाढत नाही. २०११ मध्ये केर्न्सला ते डास सोडले. पुढे इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहराचे २४ भाग पाडून १२ भागांत सोडले, तेही वस्तीची संमती घेऊन. २०२१ मध्ये निकाल छापून आला : डेंगी ७७ टक्क्यांनी कमी. २०२२ मध्ये पुदुच्चेरीच्या आयसीएमआर केंद्रानेही असे डास तयार केल्याचं जाहीर केलं.

उद्या कोणी आमच्या सोसायटीत डासांचा डबा घेऊन आलं, तर आधी तासभर प्रश्न विचारीन. मग चहा देईन आणि बहुतेक गच्चीची किल्लीही.