ड्रुइडांचे मौन

ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्ट लोकांचे पुरोहित. ज्युलियस सीझर लिहितो, की त्यांच्यातले काहीजण २० वर्षे अध्ययन करीत. पण ती विद्या लिहून ठेवणे निषिद्ध होते. इतर व्यवहारात मात्र ते ग्रीक लिपी वापरत. ड्रुइड गेले, त्यांची विद्याही गेली. मागे उरले मौन. पुढच्या कित्येक गूढ पंथांनी आपली वंशावळ या मौनातूनच काढली.

वेल्समधल्या एडवर्ड विल्यम्स या पाथरवटाचेच पाहा. 'योलो मॉर्गनुग' या नावाने तो कविता करी. २१ जून १७९२ रोजी लंडनच्या प्रिमरोझ हिलवर त्याने दगडांच्या वर्तुळात कवींची सभा भरवली, 'गोरसेद'. हा ड्रुइडांचा वारसा आहे, असे त्याने सांगितले. १८१९ मध्ये कारमार्थनच्या साहित्योत्सवाशी ती जोडली गेली. विसाव्या शतकात अभ्यासक जी. जे. विल्यम्स यांनी हस्तलिखिते तपासून दाखवून दिले, की हे विधी आणि अनेक 'प्राचीन' कविता योलोच्याच.

तरी गोरसेद आजही भरते. वेल्श भाषेची सेवा करणाऱ्यांचा तिथे सन्मान होतो. इंग्रजीच्या दबावाखालच्या भाषेला या सोहळ्याने प्रतिष्ठा दिली. म्हणून गूढविद्येची पुस्तके अवश्य वाचावीत. मात्र 'हे प्रथम कोणी लिहिले, केव्हा लिहिले?' एवढे दर पानाला विचारावे.