नाना पेठेतील चर्च आणि तीन साथी



पुण्याचा इतिहास सांगावयाचा तर शनिवारवाड्यापासून आरंभ करावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. आम्ही तो आज क्वार्टर गेटापासून करणार आहोत. तेथे, नाना पेठेत, लोक ज्याला सिटी चर्च म्हणतात ते कॅथलिक प्रार्थनामंदिर आहे. १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या पदरच्या ख्रिस्ती शिपायांसाठी जागा दिली आणि तेथे ते उभे राहिले. पुढे इंग्रजांची छावणी आली. १८५० मध्ये छावणीतील आयरिश शिपायांसाठी सेंट पॅट्रिक्सचे चर्च झाले. १८८६ मध्ये पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा महागुरूंचे आसन तिकडे गेले. मान छावणीकडे गेला, वडीलपणा पेठेकडे राहिला. तेव्हा कॅथलिक पंथ पुण्यात गोऱ्या पलटणीबरोबर आला, असे जे सर्रास बोलले जाते ते पंचवीस-सव्वीस वर्षांनी चुकते. तो पेशव्यांच्या पलटणीबरोबर आला.

आम्ही स्वतः कॅथलिक नाही. आमचा धंदा कामगारांच्या संघटनेचा. माणसे एकत्र कशी येतात आणि काय झाले म्हणजे पांगतात, एवढेच आम्हांला थोडेफार कळते, आणि त्याच नजरेने आम्ही या विषयाकडे वळलो. साथ माणसाला सांगते की शेजाऱ्यापासून दूर राहा. कॅथलिकांची मिस्सा तर एकत्र जमून, एका वेदीवरचा ख्रिस्तप्रसाद घेण्याचीच उपासना आहे. मग जमावबंदी झाली म्हणजे त्या धर्मग्रामाचे काय उरते? हा प्रश्न २०२० मध्ये पुण्याला पडला. परंतु तो फार जुना आहे.

१५७६ साली इटलीतील मिलान शहरात प्लेग आला. तेथील आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी लोक घरांत कोंडलेले पाहून रस्त्यांच्या चवाठ्यांवर वेद्या उभारविल्या. धर्मगुरूने चौकात मिस्सा करावी आणि लोकांनी खिडक्यांतून ती पाहावी. दिवसातून ठरलेल्या वेळी घंटा झाली म्हणजे घराघरातून प्रार्थनेचे स्वर उठावे, अशी ती व्यवस्था होती. ही उज्ज्वल बाजू झाली. दुसरीही सांगितली पाहिजे. १६३० मध्ये त्याच मिलानमध्ये पुन्हा प्लेग आला, तेव्हा लोकांच्या आग्रहाने याच बोरोमिओंच्या देहाची मोठी मिरवणूक काढण्यात आली, आणि त्या गर्दीनंतर रोग शहरभर भडकला. श्रद्धेने गर्दी केली म्हणून जंतू तिला सूट देत नाही. २०२० मध्ये चर्चे बंद ठेवली ती धर्मावरील आघात म्हणून, असे म्हणणारे आम्हांस भेटले. त्यांना आम्ही हीच मिरवणूक सांगत असू.

चौकातील त्या वेदीची आठवण आपल्या कोकणपट्टीला राहिली आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला तो डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोव्याकडील कॅथलिक वैद्याने. धोबी तलावाला त्यांचा पुतळा आहे. रोज हजारो लोक त्याच्यावरून जातात. त्या प्लेगच्या वर्षांत वांद्र्याच्या गल्ल्यांतून, गिरगाव-माझगावच्या ख्रिस्ती वाड्यांतून दगडी क्रूस उभे राहिले. कित्येकांवर साल कोरलेले आहे. संध्याकाळी लोक त्या क्रुसापुढे जमून जपमाळ म्हणत. चर्च दूर, धर्मगुरू थोडे, मृत्यू दाराशी. तेव्हा वाडीनेच आपली वेदी आपल्या तोंडाशी आणली.

मुंबईतील गोवेकर खलाशी, आचारी, वाजंत्री यांच्या ज्या ‘कुडी’ होत्या, त्यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. एकेका गावच्या लोकांनी वर्गणी काढून भाड्याची खोली घ्यावी, तीत गावच्या संताची मूर्ती ठेवावी, रात्री सर्वांनी जपमाळेला हजर राहावे, आजाऱ्याची काळजी घ्यावी, मेलेल्याला माती द्यावी. आमच्या दृष्टीने ही युनियनच. फक्त चिटणिसाच्या जागी गावचा संत होता.

आता पुण्याकडे येऊ. १८९६ च्या अखेरीस प्लेग येथे घट्ट बसला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला, रँडसाहेबांची समिती आली, मार्चपासून गोरे शिपाई घरोघर शिरले. पुढचे आपणा सर्वांस ठाऊक आहे. १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्या सुटल्या. आम्हांला त्यातील एकच गोष्ट अधोरेखित करावयाची आहे. त्या साली सरकारजवळ रोग्यांची यादी नव्हती. कोणाच्या घरात कोण आजारी, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते ते शेजारी सांगावयास तयार नव्हते. म्हणून दारे फोडावी लागली. जेथे नाव ठाऊक नसते तेथे बंदूक पाठवावी लागते.

याच्या उलट एक वही कॅथलिकांजवळ होती. ट्रेंट येथील धर्मसभेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी प्रत्येक धर्मग्रामाने ठेवाव्या असे ठरविले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्यात मृत्यूची नोंद आणि घराघरातील माणसांची वही यांची भर घातली. त्या शेवटच्या वहीचे नाव ‘आत्म्यांची स्थिती’. कोणत्या घरात कोण राहतो, कोणाचा कोणता संस्कार झाला, हे धर्मगुरूने दारोदार जाऊन लिहावयाचे. ही वही जुलमालाही उपयोगी पडली आहे, हे आम्ही विसरत नाही. परंतु साथीच्या दिवसांत आजाऱ्यापर्यंत कोणी जावयाचे असेल तर पहिल्याने त्याचे नाव ठाऊक असावे लागते.

दुसरी साथ १९१८ चा इन्फ्लुएंझा. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली, त्यांतील फार मोठा भाग सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत. पुणे धर्मप्रांताच्या पदरी ती विचित्र वेळी आली. नगर जिल्ह्यातील त्याचे काम जर्मन जेझुइटांनी उभे केले होते. राहुरीकडील केंदळ येथे १८७८ पासून त्यांचा वावर होता. महायुद्ध सुरू होताच हे जर्मन शत्रुपक्षाचे ठरले, नजरकैदेत पडले, आणि १९१५-१६ मध्ये बहुतेकांना जहाजात घालून परत पाठविण्यात आले. म्हणजे मेंढपाळ काढून नेल्यावर लांडगा आला. खेड्यांतून उरला तो धर्मशिक्षक, ज्याला लोक ‘मास्तर’ म्हणत. हा मास्तर बहुधा अस्पृश्य मानलेल्या जातींतूनच आलेला, पगार तुटपुंजा. त्याला मिस्सा करता येत नसे, पापनिवेदन ऐकता येत नसे. परंतु मरणोन्मुख मुलाला बाप्तिस्मा देता येई, कारण निकड पडल्यास तो कोणीही देऊ शकतो असा त्यांचा नियमच आहे. प्रार्थना सांगता येई. खड्ड्यापाशी उभे राहता येई. आज पुण्याच्या चर्चांतून मराठी मिस्सेला जी गर्दी असते, तीत नगरकडून पोटासाठी आलेल्या या कुटुंबांची नातवंडे-पतवंडे पुष्कळ आहेत.

तिसऱ्या साथीविषयी थोडे सविस्तर बोलू, कारण ती आपण सर्वांनी भोगली. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले रुग्ण सापडले ते पुण्यातच. १८९७ चा तोच कायदा सरकारने पुन्हा बाहेर काढला. एकशेतेवीस वर्षांचे म्हातारे हत्यार, पण धार गेलेली नव्हती. २५ मार्चपासून देश बंद झाला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेठांचा भाग बांबू आणि पत्रे लावून सील करण्यात आला, आणि नाना पेठ-भवानी पेठ हा त्या वेळी रोगाचा अड्डाच होऊन बसला.

कॅथलिकांचा पवित्र सप्ताह नेमका त्याच दिवसांत आला. ५ एप्रिल झावळ्यांचा रविवार, १० एप्रिल गुड फ्रायडे, १२ एप्रिल ईस्टर. धर्मगुरूंनी बंद दारांआड, रिकाम्या बाकांपुढे मिस्सा केली आणि ती मोबाइलवरून घराघरात गेली. पुण्याचे महागुरू त्या वेळी वसईचे थॉमस डाबरे होते. तुकोबांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिलेले हे गृहस्थ. गुरुवारच्या उपासनेत धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतो. त्या वर्षी हा विधी वगळावा असे रोमहून कळविण्यात आले. रोगाच्या दृष्टीने ते योग्यच. तरी आमच्या मनात आल्यावाचून राहिले नाही की, ज्या आठवड्यात झाडूवाले, आया आणि वॉर्डबॉय यांचे पाय धुवावयास हवे होते, त्याच आठवड्यात तो विधी रद्द व्हावा.

मोबाइलवर मिस्सा पाहता येते, प्रसाद घेता येत नाही. त्यासाठी कॅथलिकांत ‘आत्मिक प्रसादा’ची जुनी प्रार्थना आहे: प्रत्यक्ष घेता येत नाही, तेव्हा मनाने घेतो, अशा अर्थाची. मरणाऱ्याच्या कपाळाला तेल मात्र मनाने लावता येत नाही; ते लावणारा हातच हवा. रोमने २० मार्च रोजी रुग्णांना व त्यांच्या शुश्रूषकांना विशेष पापदंडमुक्ती जाहीर केली, आवश्यक तेथे सामुदायिक क्षमेचीही मोकळीक दिली. पण अतिदक्षता विभागात नातलगच जाऊ शकत नव्हते, तेथे धर्मगुरू कोठून जाणार? आत जात होत्या त्या नर्सेस, आणि पुण्याच्या इस्पितळांतून त्यांत केरळच्या ख्रिस्ती मुली किती आहेत हे आपण जाणतो. शेवटचा क्रूस कपाळावर काढला असेल तर तो हातमोजा घातलेल्या त्यांच्या बोटाने.

मृताचे काय, हाही प्रश्न आला. ३० मार्च रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाचे सर्व मृतदेह जाळावेत असे पत्रक काढले आणि ते लगेच मागे घेतले. वांद्र्याच्या कब्रस्तानांचा वाद उच्च न्यायालयात गेला, आणि २२ मे रोजी न्यायालयाने दफनास हरकत नाही असा निर्णय दिला. कॅथलिकांना १९६३ पासून दहनाची मुभा आहे, म्हणून त्यांच्यापुरता पेच हलका होता. परंतु अंत्यविधीला वीसच माणसे, हे दुःख सर्व धर्मांना सारखेच.

दुःख सारखे होते हे पेठेत तर उघडच दिसत होते. नाना पेठेत निवडुंग्या विठोबा आणि शेजारच्या भवानी पेठेत पालखी विठोबा. दर वर्षी तुकोबा आणि ज्ञानोबांच्या पालख्या येथे उतरतात. २०२० मध्ये त्या उतरल्या नाहीत. ३० जूनला पादुका एस. टी.च्या गाडीतून पंढरपुरास गेल्या, गाडीत वीस माणसे. चर्चचे दार बंद, विठोबाचे बंद, मशिदीचे बंद. दारूची दुकाने मात्र मे महिन्यात उघडली. महसुलाला मुखपट्टी लागत नाही.

त्या महिन्यांत आम्ही कंत्राटी इस्पितळ-कामगारांच्या कामासाठी फिरत होतो. एक आया आठवते. मूळची राहुरीकडची, पेठेतच एका खोलीत राहणारी, बारा-बारा तास काम, ठेकेदाराने दोन महिने पगार अडकविलेला. तिच्याजवळ साधा फोन, म्हणून मोबाइलवरची मिस्सा तिला नव्हतीच. ती कामावरून आल्यावर अंघोळ करून एकटी जपमाळ म्हणे. शिधा मात्र तिच्या दारी आला, कारण चर्चच्या वहीत तिच्या घराचे नाव होते आणि सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची माणसे त्या वहीवरून निघाली होती. १८३३ साली पॅरिसमध्ये निघालेल्या या संस्थेचा मुख्य नियमच गरिबाच्या घरी स्वतः जाण्याचा आहे. भिंतीला भिंत लावून एक बिगारी कुटुंब राहत होते, परप्रांतातले. त्यांचे नाव कोणत्याच वहीत नव्हते: ना चर्चच्या, ना रेशनच्या, ना आमच्या युनियनच्या. या बाईने ते शिधा देणाऱ्यांना लिहावयास लावले. “आमच्यात धरा त्यांना,” असे ती म्हणाली, आणि त्यांनी धरले. दुसऱ्या दिवशी आम्हीही आमच्या वहीत धरले.

१६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे उघडली. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने ती पुन्हा बंद केली, ती ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, परत उघडली. पहिल्या वेळी दार उघडले तेव्हा कॅथलिक पंचांगातला मृतांचा महिना चालू होता. नोव्हेंबरात घरोघरचे लोक आपल्या गेलेल्या माणसांची नावे कागदावर लिहून चर्चमध्ये देतात आणि त्यांच्यासाठी मिस्सा होते. बाकांवर एकाआड एक जागा सोडण्याच्या खुणा होत्या, दाराशी तीर्थाच्या पाण्याचे भांडे कोरडे होते, हात पुसावयास औषधी द्रव्य ठेवले होते. त्या वर्षीचे कागद लांब होते.