धुरानं आखलेलं घर

आज आपण राजवाडा किंवा चर्च बघणार नाही, एक राहतं घर बघणार आहोत. इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्स परगण्यात ॲल्फ्रिस्टन नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चजवळ गवती छपराचं, साधारण सहाशे वर्षांपूर्वीचं एक घर उभं आहे. त्याला 'क्लर्जी हाऊस' म्हणतात, म्हणजे पाद्र्याचं घर.

सांगाडा ओकच्या लाकडाचा, आणि मधल्या जागेत काठ्या विणून त्यावर माती लिंपलेली. कोकणातला कुडच म्हणा ना! दालनाची जमीन कुटलेल्या खडूच्या दगडाची, आंबट दुधानं पक्की केलेली. ऐकून हसू येतं, पण शेणानं सारवणाऱ्यांनी हसू नये.

खरी गंमत या मधल्या दालनात आहे. इथं वर माळाच नाही. मान वर केली की नजर थेट छपराच्या वाशांना भिडते. असं का? तर अशा घरांना मुळात धुराडं नसायचं. विस्तव दालनाच्या मधोमध, जमिनीवर पेटायचा; धूर वर चढायचा आणि फटींतून, गवतातून हळूहळू बाहेर झिरपायचा. त्यावर मजला घालणार कसा? म्हणून दुमजली खोल्या फक्त दोन्ही टोकांना. घराचा आराखडा कुणी ठरवला म्हणाल, तर धुरानं.

पुढे १६व्या शतकात विटांची धुराडी रुळली आणि बहुतेक दालनांत मधे मजले पडले. मग जुनं दालन ओळखायचं कसं? छपराखाली चढायचं आणि वाशांवर काजळी शोधायची. डेव्हनमधल्या काही घरांत तर गवताचा सर्वांत खालचा थरसुद्धा मध्ययुगापासून टिकलाय, कारण शाकारणारे वरचं कुजलेलं काढून त्यावरच नवा थर देत. त्या काळ्या थरात तेव्हाचा गहू आणि राय कणसांसकट सापडलेत. असं छप्पर सरसकट उतरवून 'नवं कोरं' करणं म्हणजे आमच्या मते दप्तर जाळणंच.

ॲल्फ्रिस्टनचं घरही १९व्या शतकाच्या अखेरीस मोडकळीला आलं होतं, पाडायच्या बेतात होतं. गावच्या व्हिकारनं धावाधाव केली, आणि १८९६ मध्ये नॅशनल ट्रस्टनं ते १० पौंडांना घेतलं. संस्था जेमतेम वर्षाची, आणि तिनं घेतलेली ही पहिलीच इमारत. खरा खर्च पुढे होता, दुरुस्तीचा. त्यासाठी संस्थापकांपैकी एक, ऑक्टेव्हिया हिल, यांना लोकांपुढे हात पसरावे लागले.