संगणकशास्त्र : पदवी शिक्षण आणि व्यवसाय

एखादा प्रश्न यंत्राकडून सोडवून घेता येईल का, आणि येत असेल तर किती वेळ व किती मेमरी खर्चून, याचा विचार करणारे शास्त्र म्हणजे संगणकशास्त्र. महाराष्ट्रात बारावीनंतर त्याकडे जाणाऱ्या वाटा मुख्यतः तीन : अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी, बी.एस्सी. आणि बीसीए. पहिलीचे प्रवेश प्रामुख्याने जेईई आणि एमएचटी-सीईटीच्या गुणांवर होतात. उरलेल्या दोन बहुधा कमी खर्चाच्या, पण त्यांच्यापुढे काही दारे थेट उघडत नाहीत. सरकारी बँकांतील आयटी अधिकारीपदासाठी साधारणपणे अभियांत्रिकीची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण लागते, म्हणून पुष्कळ मुले पुढे एम.एस्सी. किंवा एमसीए करतात. गाभ्याचे विषय मात्र तिन्हीकडे कमीअधिक तेच : डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, संगणकरचना, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क आणि डिस्क्रीट मॅथ्स. पदवीचा टिकाऊ उपयोग या गाभ्यातून होतो. नोकरीच्या जाहिरातीत झळकणाऱ्या भाषा आणि साधने हा त्यावरचा बदलता थर आहे, आणि आपली महाविद्यालये नेमकी या थराच्या मागे धावतात.

असे का झाले, हे इतिहासातून समजते. आयआयटी कानपूरला १९६३ साली आयबीएम १६२० हा संगणक आला आणि वैद्येश्वरन राजारामन यांच्यासारख्या शिक्षकांनी तिथे संगणकाचे शिक्षण सुरू केले. नोकऱ्यांची लाट आली ती पुढे, सेवा कंपन्यांमुळे. मुंबईत १९६८ मध्ये टीसीएस सुरू झाली, १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस. दरम्यान १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि जागा झपाट्याने वाढल्या. परदेशी ग्राहकांचे सॉफ्टवेअर लिहिणे आणि सांभाळणे या कामाला माणसे मोठ्या संख्येने हवी होती. त्यामुळे कंपन्या यांत्रिकी आणि स्थापत्य शाखांतूनही मुले उचलत आणि स्वतःच्या प्रशिक्षण केंद्रात तयार करत. भरतीत विषयाच्या जाणकारीपेक्षा अ‍ॅप्टिट्यूड चाचणी आणि बोलण्यातली सफाई जड ठरत असेल, तर वर्गात कंपायलरचा तास मन लावून कोण ऐकणार? सीनियरचे जर्नल उतरवायचे, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत आणायचा आणि ब्लॅक बुक बांधून द्यायचे, ही रीत याच व्यवहारातून रुजली.

गाभ्याचे विषय जुने आहेत, अशी तक्रार विद्यार्थी करतात. ते जुने आहेतच. सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची डाइक्स्ट्राची पद्धत १९५९ ची, कॉडचे रिलेशनल मॉडेल १९७० चे. पण बँकांचे हिशेब आजही मुख्यत्वे रिलेशनल डेटाबेसवर चालतात, तर एके काळी क्लासच्या पाट्यांवर मिरवणारे व्हिज्युअल बेसिक आणि फ्लॅश कधीच मागे पडले. एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. क्रमाने लावलेल्या दहा लाख नावांतून एक नाव शोधायचे तर बायनरी सर्चला जास्तीत जास्त वीस तुलना पुरतात : मधले नाव पाहायचे, निम्मी यादी सोडून द्यायची, पुन्हा मधले पाहायचे. दुसऱ्या सेमिस्टरला शिकवले जाणारे हे प्रकरण. तरीही जावाच्या प्रमाण लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये सुमारे नऊ वर्षे एक चूक दडून होती, आणि ती २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीरपणे मांडली. तो कोड त्यांनीच लिहिलेला होता. मध्य काढताना यादीची खालची आणि वरची सीमा मिळवून दोनाने भागले होते. बत्तीस बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की बेरीज उणे होई आणि प्रोग्राम कोसळे. उपाय एका ओळीचा : आधी वजाबाकी करून निम्मे घ्यायचे, मग ते खालच्या सीमेत मिळवायचे. ही चूक जावाची भाषा पाठ करून दिसत नाही. ऋण संख्या यंत्रात कशा साठवतात, हे संगणकरचनेच्या तासाला ज्याला समजले त्याला ती दिसते.

यावर पहिला आक्षेप असा की हे संशोधकांपुरते ठीक. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाला आधी नोकरी हवी. आक्षेप खरा आहे आणि तो वजनदारही आहे. पहिल्या नोकरीसाठी एखादी भाषा हातात बसलेली हवीच. पण दुसऱ्या-तिसऱ्या नोकरीच्या, विशेषतः स्वतःचे उत्पादन बनवणाऱ्या कंपन्यांच्या मुलाखतीत डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमच विचारतात, आणि जी मुले पदवीला हे टाळतात तीच पुढे ‘डीएसए’च्या क्लासला पैसे मोजतात. शिवाय संशोधन पदवीपासून फार दूर असते असेही नाही. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट ठरवणारी पद्धत २००२ मध्ये मणिंद्र अग्रवाल यांच्यासोबत नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. हे दोघे तेव्हा कानपूरहून नुकतेच बी.टेक. झाले होते आणि त्या कामाची सुरुवात त्यांच्या पदवीच्या प्रोजेक्टमध्ये होती.

दुसरा आक्षेप आजचा : कोड आता एआय लिहिते, मग पदवी कशाला? साचेबद्ध कोड लिहिण्याचे काम यंत्राकडे जात आहे आणि ज्या फ्रेशरची भरती तेवढ्यासाठीच होत होती त्याची अडचण होईल, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण लिहून आलेला कोड बरोबर आहे असे सांगून त्यावर सही कोणी करायची? वर सांगितलेली चूक कसलेल्या हाताकडून सुटली होती, चाचण्यांतूनही निसटली होती. तपासणाऱ्याला लिहिणाऱ्याइतके तरी यावेच लागते.

व्यवसायांची यादी लांबलचक आहे. सॉफ्टवेअर डेव्हलपर, टेस्टर आणि डेटाबेस सांभाळणारे हे नेहमीचे. सायबर सुरक्षा, एम्बेडेड प्रणाली आणि डेटा विश्लेषण यांत गणिताचा कस अधिक लागतो. गेट देऊन एम.टेक. किंवा काही सार्वजनिक कंपन्या, इस्रोच्या परीक्षेतून शास्त्रज्ञपद, नेट-सेट देऊन अध्यापन हेही मार्ग आहेत. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२१ पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतूनही शिकता येते. महाविद्यालय निवडताना पालकांनी प्लेसमेंटचा आकडा जरूर विचारावा. त्याआधी मात्र तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून प्रॅक्टिकलचा प्रोग्राम तो स्वतः लिहितो की उतरवतो, एवढे विचारून घ्यावे.